वळवाचं पाणी आणि परसातली भाजी

मे महिन्याच्या उत्तरार्धात माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यातल्या आठवडी बाजारात गेलं तर कांदे-बटाटे, लाल मिरच्या आणि डाळी भरपूर दिसतात. पालेभाजी मात्र शोधावी लागते. मिळते तीही दुरून बागायती भागातून आलेली, दुपारपर्यंत मान टाकणारी आणि महाग. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि बोअर थांबून थांबून चालत असतात. नेमकं याच दिवसांत एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं, धुळीचे लोट उठतात आणि अर्ध्या-पाऊण तासात वळीव कोसळून निघून जातो. शेतकरी त्या पावसावर पेरणी करत नाही आणि त्याचं ते शहाणपण पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. घरामागच्या दोन-चार वाफ्यांचं गणित मात्र वेगळं असतं. तिथे हाच पाऊस वर्षातला सगळ्यात कामाचा पाऊस ठरू शकतो. त्यासाठी तो मातीत किती खोल जातो आणि किती दिवस टिकतो, हे समजून घ्यायला हवं.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी आहे आणि तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना पाणी टाकतात आणि पलीकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात पाऊस कमी आहेच, शिवाय तो सलग नाही. जूनमध्ये थोडा पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये मोठे खंड पडतात आणि खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात येतो. म्हणून इथलं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. भाजीपाल्याला मात्र सप्टेंबरची वाट पाहत बसणं परवडत नाही.

वळीव हा मोसमी पावसाचा भाग नाही. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनचं पठार तापतं आणि जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उसळते. पण नुसत्या तापण्याने पाऊस येत नाही, दमट हवाही लागते. ती बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येते. या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेला कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत वाऱ्यांच्या दिशा बदलण्याची एक रेषा बऱ्याचदा तयार होते. दोन्हीकडचे वारे तिथे भिडतात आणि दुपारनंतर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. ढगातून थंड हवा खाली आदळते, तीच पावसाआधी येणारी वावटळ. हे ढग सुटे सुटे असतात. म्हणून एका गावात ओढा वाहतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. पंचांगाच्या भाषेत हे दिवस भरणी, कृत्तिका आणि रोहिणीचे, म्हणजे एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे.

या पावसाचे थेंब मोठे असतात. ते उघड्या मातीवर जोरात आदळतात, ढेकळं फोडतात आणि बारीक कण उडवून मातीची छिद्रं बुजवतात. पाऊस थांबून ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. पुढचं पाणी त्या पापुद्र्यावरून वाहून जातं आणि खाली रुजलेला कोंब त्याला फोडू शकत नाही. वळवावर टाकलेलं बी उगवलंच नाही अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बियाण्याला दोष देण्याआधी हा पापुद्रा उकरून पाहावा.

समजा २० मिलिमीटर पाऊस झाला. भारी काळ्या, कोरड्याठाक मातीत एवढ्या पाण्याने सुमारे चार बोटं ओल जाते. मुरमाड, हलक्या जमिनीत तेच पाणी वीतभर खाली उतरतं, कारण ती माती पाणी धरून ठेवत नाही. काळी जमीन भेगाळलेली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पाणी भेगांतून थेट खाली पडतं आणि दोन भेगांमधली माती वरवर भिजून आत कोरडी राहते. त्यामुळे पाऊस किती मिनिटं पडला यावरून अंदाज बांधू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं खुपसून ओल किती खोल गेली ते दोन-तीन ठिकाणी पाहावं.

मिळालेली ओल टिकवणं अधिक अवघड. सोलापूरसारख्या भागात मे महिन्यात उघड्या भांड्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाणी उडून जातं. भिजलेली उघडी माती पहिले दोन-तीन दिवस साधारण त्याच वेगाने ओल गमावते. म्हणजे २० मिलिमीटरचा मोठा वाटा आठवड्याच्या आत पुन्हा हवेत जातो. यावरचा उपाय या प्रदेशाने स्वतःच शोधलेला आहे. वाफसा आला, म्हणजे माती हाताला ओलसर लागते पण चिकटत नाही अशी झाली, की तिचा वरचा थर हलका मोकळा करायचा. मोकळ्या थरामुळे खालचं पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. शेतात याला कोळपणी म्हणतात आणि एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं शेतकरी मानतात. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये आणि पुढे सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर जे संशोधन झालं, त्यात ओल जिरवणं आणि राखणं हाच गाभा होता. न. वि. कानिटकर यांनी ते काम सविस्तर लिहून ठेवलं आहे. परसात कोळपं लागत नाही, खुरप्याने बोटभर माती हलवली की झालं.

त्यावर आच्छादन घातलं तर ओल आणखी टिकते. शहरातल्या बागकामाच्या पुस्तकांत इथे गवताचा किंवा पेंढ्याचा सल्ला असतो. दुष्काळी गावात कडबा म्हणजे गुरांचा जीव, तो मातीवर पसरायला कुणी धजावणार नाही आणि पसरूही नये. गुरं जे खात नाहीत ते वापरावं: भुईमुगाची टरफलं, कडुलिंबाचा पाला, जुनं गोणपाट, मिळालं तर उसाचं पाचट. काहीच नसेल तर चपटे दगड. माळरानावर त्यांची कमतरता नाही आणि वेलाच्या आळ्याभोवती दगड मांडले तर त्यांच्याखाली ओल चांगली राहते. पाल्यापाचोळ्याचं आच्छादन मात्र खोडापासून चार बोटं दूर ठेवावं, कारण कोरड्या दिवसांत त्यात वाळवी हमखास येते.

शेत आणि परस यांच्यातला फरक वळीव आणि मोसमी पाऊस यांच्यातल्या अंतराचा आहे. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. मृग ७ जूनच्या सुमारास निघतं, पण या पट्ट्यात पेरणीजोगा पाऊस जूनअखेरपर्यंत लांबणं नवीन नाही. मेमध्ये वळवावर पेरलेलं दोन एकर उगवलं तरी पुढचे तीन-चार आठवडे त्याला जगवणार कोण? ते करपतं आणि दुबार पेरणीचं संकट येतं. परसातल्या दोनशे चौरस फुटांना ते तीन-चार आठवडे काढून देणं मात्र घरच्या सांडपाण्याने शक्य असतं.

जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने २७५ लिटर होतात. टंचाईत प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच मिळाले तरी आंघोळ, भांडी आणि कपडे यांचं साठ-सत्तर लिटर पाणी रोज मोरीतून बाहेर पडतं. आता गरज पाहू. वेलांची आणि फळभाज्यांची तीस आळी धरली आणि रोपटी लहान असताना प्रत्येकाला दिवसाआड दोन लिटर दिलं, तर सरासरी रोज तीस लिटर लागतात. पालेभाजीच्या चार चौरस मीटरच्या वाफ्याला दिवसाला सहा मिलिमीटर धरले तर चोवीस लिटर. एकूण साठच्या आत. पावसाने माती आधी भिजवलेली असेल आणि वर आच्छादन असेल, तर यापेक्षाही कमी पुरतं.

इथे एक मर्यादा मात्र पाळायला हवी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या वर्षी गावाला टँकर सुरू असतो, त्या वर्षी एकदाही न वापरलेलं पाणी भाजीला घालू नये. परसबाग वापरलेल्या पाण्यावर आणि पडलेल्या पावसावर जगली पाहिजे. तेवढ्यात दोनच आळी जगत असतील तर दोनच लावावीत.

सांडपाण्यालाही स्वभाव असतो. पूर्वी भांडी राखेने घासत, आता साबण आणि पावडरी आल्या. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार बरेच असतात. हेच पाणी काळ्या मातीत रोज पडत राहिलं तर मातीच्या कणांची बांधणी मोडते, ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. म्हणून कपड्यांचं पाणी भाजीला न घालता शेवगा, केळ, पपई अशा झाडांना फिरवून फिरवून द्यावं. आंघोळीचं पाणी भाजीला चालतं, पण मुळाशी. कच्च्या खाण्याच्या पाल्यावर ते पडू देऊ नये. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी अळू असायचं, त्यामागे पाणी वाया न घालवण्याचाच विचार होता आणि अळू शिजवूनच खाल्लं जातं हेही त्यात आलं.

उन्हाळाभर बोअरचं जड पाणी ज्या वाफ्यांना दिलं आहे, त्यांच्या कडांवर पांढरट थर दिसतो. तो क्षारांचा असतो. पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. मोठा पाऊस पडला तर तो त्यांना मुळांच्या खाली धुऊन नेतो. पाच-सात मिलिमीटरची हलकी सर मात्र त्यांना फक्त मुळांपर्यंत पोचवते आणि पाऊस पडूनही रोपं कोमेजतात. वळवाचे ढग दिसू लागले की हा थर खुरप्याने खरवडून बाहेर टाकावा. हलकी सर पडून गेली तर त्याच संध्याकाळी आळ्यात आणखी तांब्या-दोन तांबे पाणी द्यावं. पाऊस पडल्यावर पाणी द्यायचं, हे चमत्कारिक वाटेल, पण क्षार खाली ढकलायला तेच लागतं.

जड पाण्यावरचा आणखी एक जुना उपाय म्हणजे मडकं. कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरून झाकायचं आणि भोवती तीन-चार वेल लावायचे. माती कोरडी असेल तितकं पाणी भिंतीतून पाझरतं, ओली झाली की पाझर मंदावतो. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात या पद्धतीचं वर्णन आहे. हरियाणात कर्नालच्या मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात तिचे प्रयोग झाले आणि खारट पाण्यावरही या पद्धतीने भाज्या येतात असं आढळलं. उन्हाळा संपताना घरोघरी झिरपणारे, काठ फुटलेले माठ निघतात, ते फेकण्याआधी परसात पुरून पाहावेत.

वळवानंतर आठ दिवसांत रान हिरवं होतं, तसं नुसत्या विहिरीच्या पाण्याने होत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याचं श्रेय बहुतेक वेळा विजेला दिलं जातं. वीज हवेतला नत्र वनस्पतींना घेता येईल अशा रूपात आणते हे खरं, पण पावसावाटे येणारं नत्र वर्षभरात हेक्टरी काही किलोच असतं. मोठा वाटा मातीतूनच येतो. एच. एफ. बर्च यांनी केनियात काम करताना १९५८ मध्ये दाखवून दिलं की पूर्ण वाळलेली माती पुन्हा भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात. वाळताना मेलेले जिवाणू आणि उन्हाने सुटे झालेले सेंद्रिय पदार्थ ते झपाट्याने कुजवतात आणि काही दिवस नत्राची भरती येते. माती जितकी अधिक वाळलेली, तितकी ही भरती मोठी. दुष्काळी भागाला मिळणारं हे फुकटचं खत आहे. ते घ्यायला त्या वेळी जमिनीत मुळं असावी लागतात. नसतील तर ते तणांच्या वाट्याला जातं किंवा पुढच्या मोठ्या पावसात खाली झिरपतं. परसात वळवाच्या आधीच बी टाकून किंवा पिशवीत रोपं तयार ठेवून ही वेळ साधता येते.

वाफा कसा असावा याबाबत माझं मत ठाम आहे. अलीकडे गादीवाफ्यांचं फार कौतुक होतं. कोकणात, जास्त पावसात, ते योग्यच. दुष्काळी भागात उन्हाळ्यात गादीवाफा चारी बाजूंनी वाळतो आणि पाणी त्याच्यावरून निथळून जातं. इथे वाफा जमिनीच्या पातळीपेक्षा वीतभर खाली हवा, त्याला चारही बाजूंनी बांध हवा आणि अंगणाचा उतार त्याच्याकडे हवा. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर राहणारे झुनी लोकही आपल्या भाज्या असेच बांध घातलेल्या लहान लहान चौकोनी खड्ड्यांत लावत आले आहेत. छपराचं पाणीही वाफ्याकडे वळवावं. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर ८०० लिटर पाणी होतं. थोडं वाया गेलं तरी सहाशे लिटरहून अधिक हाती लागतं. पन्हाळीखाली दोन पिंपं ठेवायची आणि ती भरून वाहू लागली की पाणी चरातून वाफ्यात सोडायचं. पहिल्या पावसाचं पाणी धुळीमुळे पिण्याला चालत नाही, पण भाजीला त्याची काही अडचण नाही.

लावायचं काय, याला उत्तर सोपं आहे: ज्याला ऊन आवडतं ते. गवार, चवळी, भेंडी, दोडका, घोसाळी, कारली, तांबडा भोपळा आणि पालेभाज्यांत तांदुळजा, माठ, अंबाडी. भेंडी-गवारीचं मूळ सरळ खाली जातं आणि चार बोटांखालची ओल शोधतं. गवारीला तर पाणी जास्त झालं की नुसता पाला माजतो. भेंडी आणि कारल्याचं बी रात्रभर भिजवून लावावं, म्हणजे पापुद्रा धरायच्या आत कोंब बाहेर येतो. कोथिंबीर आणि पालक यांच्या मागे मे महिन्यात लागू नये, त्यांना थंडी लागते. तांदुळजा आणि चवळीचा कोवळा पाला पंचवीस-तीस दिवसांत खुडायला येतो. मेच्या मध्यावर लावला तर जूनच्या मध्यावर, बाजारात भाजी सगळ्यात महाग असताना, तो ताटात असतो. गवार, भेंडी दीड-दोन महिन्यांनी सुरू होते. घोळ तर लावावी लागत नाही, वळवानंतर आपोआप येते. पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती पानांची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडते, म्हणून भर उन्हातही तिची पानं मांसल राहतात. तण म्हणून ती उपटून टाकू नये. डाळीत तिची भाजी फार चांगली होते.

वळवाबरोबर संकटंही येतात. पहिल्या चांगल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर बसतात, पाला खातात आणि नंतर मातीत अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या पुढे मुळं कुरतडतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकणं हा खात्रीचा उपाय आहे आणि सगळ्या गल्लीने मिळून केला तरच त्याचा उपयोग होतो. कच्चं शेण परसात पसरू नये, हुमणीला ते मानवतं.

गारपिटीचं काही सांगता येत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा-विदर्भ विसरलेला नाही. परसाचा फायदा एवढाच की ते झाकता येतं. सांगोला-आटपाडीकडे डाळिंबाच्या झाडांवर उन्हापासून बचावाला जुन्या साड्या बांधतात, तशी चार काठ्यांवर बांधलेली साडी मे महिन्यातलं ऊनही अडवते आणि लहान गारांचा मारही बराच झेलते. वीज मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. दरवर्षी याच दिवसांत माणसं आणि जनावरं विजेने दगावतात. गडगडाट ऐकू आला की पिंप लावायला, साडी बांधायला बाहेर जाऊ नये, झाडाखाली तर मुळीच थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते घरात एकाच्या तरी फोनवर असावं.

हे सगळं काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं आणि त्याची मोजदाद कुठेच होत नाही. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने उस्मानाबाद (आताचं धाराशिव), लातूर भागांतल्या बायकांबरोबर घराच्या शेतातला एक एकर किंवा त्याहून कमी तुकडा त्यांच्या निर्णयाने, आधी घरच्या खाण्यासाठी पिकवण्याचं काम केलं. त्या संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यातली निर्णयाची गोष्ट मला भाजीपेक्षाही मोठी वाटते. मोरीचं पाणी कुठे वळवायचं आणि शेवगा कुठे लावायचा हे जिला ठरवता येतं, तिच्या घरात भाजीही ताटात पोचते.

जूनमध्ये मोसमी पाऊस लागला की वाफ्याची रचना थोडी बदलावी लागते. काळ्या मातीत सलग दोन दिवस पाणी साचलं तर भेंडी-गवार पिवळी पडते. बांधाला एका कोपऱ्यात तोंड पाडावं, जास्तीचं पाणी शेवग्याच्या खड्ड्याकडे काढावं आणि जुलैत खंड पडला की ते तोंड पुन्हा बुजवावं. तोवर पिंपं भरलेली असतात, आच्छादनही कुजू लागलेलं असतं, त्यावर नवा थर घालावा.

बियाणं मात्र याच हंगामात धरायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती गावठी बियाणं राखण्याच्या कामासाठी. दुष्काळी भागात हे काम आणखी गरजेचं आहे. जो वेल तुमच्याच मातीत, तुमच्याच मोरीच्या पाण्यावर मे महिन्याचं ऊन सोसून फळला, त्याचं बी त्या जागेला जुळणारं असतं. विकतच्या संकरित बियाण्यात हा गुण पुढच्या पिढीत टिकत नाही. प्रत्येक भाजीचं सगळ्यात तगडं झाड आधीच हेरून त्याला चिंधी बांधावी, म्हणजे घरातलं कुणी त्याची फळं तोडणार नाही. दोडका-घोसाळी वेलावरच पूर्ण वाळू द्यावी, आत बी खुळखुळलं की काढावी. गवार-चवळीच्या शेंगा तडकण्याआधी, सकाळच्या थंड वेळी काढाव्यात. बी सावलीत वाळवून, दाताखाली धरून पाहावं. दबलं तर आणखी दोन दिवस वाळवावं, कट्कन तुटलं तर राख मिसळून डब्यात भरावं आणि डब्यावर भाजीचं नाव आणि वर्ष लिहून ठेवावं.